घरात अजून कोण वाजतं

५ नोव्हेंबर, बुधवार

काल मी इथे पोचले, तर सगळ्यांत आधी टपकली ती मसूदा. माझी बॅग अजून जिन्यातच होती, तिचं चाक मोडलेलं, आणि माझा मुलगा इलियास ती डोक्यावर घेऊ की खांद्यावर अशा विचारात. तेवढ्यात ही बाई तळलेल्या सुरमईचं ताट घेऊन दारात हजर! गल्लीच्या टोकाला राहते, नवऱ्याचं कपडे शिवायचं दुकान आहे, माहेर आमच्या बाणकोटला लागून. म्हणाली, खाला, तुमचं विमान गच्चीवरून बघितलं आणि तवा चढवला. आता इथे आखातात, मुहर्रकला, विमानतळ अगदी उशाशी, डोक्यावरून सारखी विमानं जातात, तिने नेमकं माझंच कसं ओळखलं? पण मासा फर्मास होता, म्हणून विचारलं नाही.

मग घरमालकीण आली. ती अरबीत बोलली, मी बाणकोटीत, दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि अर्धा डबा हलवा संपवला. माझी सून हिना नर्स आहे, ती ड्युटीवरून आली आणि मला आधी गोळ्या घेतल्यात का विचारून मग गळ्यात पडली. ही वही नातीने दिली, इक्राने. सात वर्षांची आहे. तिच्या टीचरने वर्गाला डायरी लिहायला सांगितली, तर म्हणे दादीनेपण लिहायची. पोरीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी तिच्याशी मराठीत भांडते, ती माझ्याशी इंग्रजीत, आणि मजा म्हणजे जिंकतो दोघीही. वहीवर नाव घातलं, झोहरा. मी चौथी पास, पण अक्षर बघा अजून कसं गोल आहे.

आणखी कोण आलं ते राहिलंच. आज दुपारची, असरची नमाज झाली, घरात मी एकटी, आणि खालच्या बैठकीत तिघी बसलेल्या. दार कुणी उघडलं कोण जाणे, मीच उघडं ठेवलं असेन. पायघोळ काळ्या अबायात. एक फार म्हातारी, एक माझ्या वयाची, एक तरणी. आणि काय सांगू, आपली बोली बोलत होत्या! पण जुनी, माझी आजी बोलायची तशी. कुणाकडच्या गो तुम्ही, विचारलं, तर म्हणाल्या, त्या खोलीतल्या सामानाबरोबर आलो. बैठकीला लागून इलियासच्या कामाची खोली आहे. म्हणजे कंपनीतल्या कुणाच्या घरच्या असणार. चहा केला, तो घेतला नाही. नुसत्या त्या बंद दाराकडे बघत बसल्या, समाधानी दिसल्या. मग उठल्या आणि म्हातारी म्हणाली, "जातो."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अगो बायांनो, बोली एवढी गोड आणि एवढं कुणी शिकवलं नाही? पहिल्यांदा घरी आलात आणि जातो म्हणता? आपल्यात जातो कोण म्हणतं? येतो म्हणा. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारीने विचारलं, म्हणायचंच का? म्हटलं, म्हटल्याशिवाय मी दारच सोडणार नाही.

मग तिघी एकदम म्हणाल्या, "येतो."

बरं वाटलं. परक्या मुलखात माणसं जोडायला वेळ लागतो म्हणतात, मला तर दोन दिवसही लागले नाहीत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सुट्टी. इलियासने त्याची खोली दाखवली. आत जायच्या आधी हात कोपरापर्यंत धुवायचे, बांगड्या काढायच्या, डोक्याला टोपी, पायांत कापडी पिशव्या. नमाजाला बसावं तशी वजू करून आत जातोस काय रे, विचारलं, तर पोटभर हसला.

आत शिशाच्या विटांचं चौकोनी घर आहे, चुलीएवढं, आणि त्याच्या पोटात त्याचं यंत्र. ते यंत्र कान आहे असं समज म्हणाला. जगातली प्रत्येक वस्तू बारीक वाजत असते. माती, भिंत, हवा, मीठ, माणूस. आतले कण मोडतात त्याचा तो आवाज, आपल्या कानांना येत नाही. आता परदेशात काही लोक डोंगराच्या पोटात यंत्रं लावून बसलेत. त्यांना एकच टक ऐकायची आहे, एका कणाची, जो इतक्या क्वचित मोडतो की आख्खं आयुष्य कान लावून बसलं तरी ऐकू येईल न येईल. आणि शेजारी बाकीचं सगळं वाजत असेल तर ती टक कशी कळणार? म्हणून त्यांच्या यंत्राला लागणारा एकेक स्क्रू, एकेक तार आधी इलियासकडे येते. वाजणारी असली की बाद. मी म्हटलं, म्हणजे मुलगी बघायला जावं तसा तू स्क्रू बघतोस. हिना हसून हसून खाली बसली.

पण ऐकणाऱ्याचं स्वतःचं घर आधी गप्प हवं. नवं शिसंसुद्धा वाजतं म्हणे! ते जुनं होत होत गप्प होतं. म्हणून कंपनीने बुडालेल्या जहाजातलं शिसं विकत घेतलं, दोन-अडीचशे वर्षं समुद्राच्या तळाशी पडलेलं. विटा ओतून गेल्याच महिन्यात आल्या. जहाजात माणसं होती का रे, मी विचारलं. इक्रा ऐकत होती, म्हणून हळू म्हणाला, होती, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून निघालेली, कुणी वाचलं नाही. मी तिथेच त्या मेलेल्यांसाठी फातिहा वाचली.

आतली हवासुद्धा वाजते, म्हणून नळकांड्यातला दुसरा गॅस सोडून ती बाहेर हाकलतात. एवढं करूनही आवाज हवा तेवढा खाली येत नाही. या महिन्यात आला नाही तर परदेशवाले काम दुसरीकडे देणार आणि इथलं दुकान खलास. तो हसत हसत सांगत होता, पण नखं खाऊन ठेवली आहेत पोराने.

त्याने इक्रासाठी यंत्राला एक छोटा स्पीकर जोडलाय. विटांचं झाकण सरकवलं आणि समोर केळं धरलं, तर फोडणीत मोहरी पडावी तसं तडतडलं! मग माझा हात. तडतड. मी किंचाळलेच. केळ्यात जे असतं तेच आपल्या रक्तामांसात असतं, म्हणून जित्या माणसाचं अंग वाजणारच, म्हणाला. इक्रा आख्खी यंत्राला चिकटली आणि ओरडली, दादी, यू आर अ बनाना! म्हटलं, आणि तू गो वेलची केळं. खूप हसलो. एवढं हसायला मी बाणकोटहून आले ते बरंच झालं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तिघी परत आल्या. मसूदा बसलेलीच होती, कालच्या लग्नातल्या बिर्याणीला नावं ठेवत. मी ओळख करून दिली. मसूदाला गप्पांना माणूस मिळालं की ती सोडत नाही, तरणीच्या शेजारी जाऊन बसली, तिचा हात हातात घेऊन माहेर विचारू लागली.

मी चहा टाकायला गेले. पातेल्यात पाणी उकळत होतं, बुडबुडे दिसत होते, पण आवाज नव्हता. कानांना दडे बसले वाटलं. खिडकीतून विमान दिसलं, अगदी खाली, पोट दिसेल इतकं. तेही मुकं गेलं. बाहेर आले तर मसूदा गप्प. ती आणि गप्प!

म्हातारी म्हणाली, खाली फार निवांत होतं. इथे सगळं वाजतं, झोप लागत नाही. मी म्हटलं, हो गो, विमानांचा त्रासच आहे.

संध्याकाळी इलियास खोलीतून नाचतच आला. आवाज एकदम खाली आलाय! इतका खाली त्यांच्या कंपनीत कधी आला नव्हता. हे जुनं शिसं म्हणजे सोनं आहे म्हणाला. मीही हसले. मला का कोण जाणे, बसवत नव्हतं. उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी अरादच्या किल्ल्याकडे फिरायला गेलो, पाण्याच्या कडेने. इक्रा पुढे धावत होती. तिच्या चपलांची फटफट ऐकत चालले. कधी नव्हे तो तो आवाज मोजूनमापून ऐकला.

येताना मसूदाकडे थांबले. तीन दिवस फिरकली नाही ना. सुरमई तळत होती. तव्यावर तेल उडत होतं, चुरचुर नाही. ताट पुढे केलं. मिठाचा कण नाही माशात. विचारलं, काय गो, बिघडलंय काय? म्हणाली, काही नाही खाला, आता छान वाटतं.

तिला घरी घेऊन आले. इक्राने हट्ट धरला, आंटीलापण मशीन दाखवू. इलियासने झाकण सरकवलं. इक्राचा हात, तडतड. माझा, तडतड. मसूदाचा —

काहीच नाही.

इलियासने वायर हलवली, स्पीकरला चापट मारली. परत माझा हात, वाजला. परत मसूदाचा. कमी नाही हो, मुळीच नाही. आणि तिने हात ठेवला तेव्हा रिकाम्या यंत्रात येणारी तुरळक टकटकही थांबली, जणू ती हाताने पिऊन घेत होती. इलियास म्हणाला, आंटी, तुम्ही तर शिशापेक्षा भारी. हसला तो. मसूदा हसली नाही. मला त्याचं ते वाक्य आठवलं, जित्या माणसाचं अंग वाजणारच.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज दार मी स्वतः आतून लावलं होतं. कडी, वरची खिट्टी. तरी आत बसलेल्या.

म्हातारीने विचारलं, घरात अजून कोण कोण वाजतं?

मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, आम्हाला ऐकू येतं. एक मोठं, पुरुषाचं. एक बाई, ती येऊन-जाऊन असते. एक म्हातारं. आणि एक लहान, ते सगळ्यांत जास्त वाजतं, त्याने आमचं डोकं उठतं.

तेवढ्यात इलियास कंपनीतून लवकर आला. मी डोळ्यांनी खुणा केल्या, जा, वर जा. पण पोराला मी लहानपणापासून शिकवलंय, घरी आलेल्या बायांना सलाम केल्याशिवाय जायचं नाही. त्याने सलाम केला. म्हातारी म्हणाली, तूच का तो, ज्याला सगळं गप्प हवंय? तो म्हणाला, हो, मावशी. त्यांनी त्याला मधे बसवलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तिघींनी, आळीपाळीने.

मी ओरडले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

इलियास गप्प आहे. नखं खायची थांबलीत. जेवला, ताटात चमचा वाजला नाही. झोपला होता तेव्हा त्याच्या छातीवर कान ठेवला, आईने ठेवावा तसा. लिहिवत नाही.

सबंध दिवस एकच गोष्ट डोक्यात. पहिल्या दिवशी त्या जात होत्या. त्यांनी त्यांचं शिसं बघितलं, कोरडं, नीट रचलेलं, जपलेलं बघितलं, समाधान झालं आणि उठल्या. तोंडाने म्हणाल्या होत्या, जातो. खरंच जात होत्या. त्यांच्या निवांत जागी, कायमच्या. आणि मी, मोठी शहाणी, दार अडवून उभी राहिले. म्हणा, येतो म्हणा. त्यांनी विचारलंसुद्धा, म्हणायचंच का? आपल्यातल्या माणसाला माहीत असतं, तो नुसता बोलायचा शब्द आहे. त्यांनी तो शब्द पाळायला घेतला.

मी वदवून घेतलं. माझ्याच तोंडाने —

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हिनाला सगळं सांगितलं. ती हसली नाही, चिडली नाही, माझी नाडी धरली. मग म्हणाली, अम्मी, तो नळकांड्यातला गॅस घरात गळत असणार. त्याने हवा कमी पडते, डोकं सुस्त होतं, नाही ते दिसतं, कान बंद होतात. इलियासपण त्यामुळेच असा झालाय. तिने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि इक्राची शाळेची बॅग भरली. झिंजला तिच्या बहिणीचा फ्लॅट आहे, तिथे पोरीला घेऊन राहते, गॅसचं बघून झालं की येते. मलाही चला म्हणाली.

मी नाही म्हटलं. का ते सांगितलं नाही. इथे मी लिहिते.

झिंजची ती बिल्डिंग मी पाहिली आहे. खाली दुकानं, केळ्यांच्या फण्या टांगलेल्या, मजल्यामजल्यावर माणसं, ओट्यांना काळा ग्रॅनाईट, आणि दगड तर फारच वाजतो असं इलियासच सांगायचा. एवढ्या गलक्यात एक टक ओळखता येत नाही, म्हणून तर तो गलका बंद पाडत बसला होता. मग माझी टक, माझी इक्रा, मी गलक्यातच लपवणार. त्यांना शोधू दे तिथे.

आणि इथे, या मुक्या घरात, एकटी मी वाजत राहीन. त्या इथेच येतील.

जाताना इक्राने विचारलं, आर यू स्केअर्ड, दादी? म्हटलं, छट्, भीती वाजत नाही. ती जिन्यातून धडधडत उतरली. दरवाजा बंद होईस्तोवर ऐकत उभी राहिले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

केळी खाते, जास्त वाजावं म्हणून. सारखी केळी, खजूर, बटाटे. खोबरं. मोठ्याने दुवा वाचते, भांडी आपटते. इलियास खोलीतच बसून असतो, यंत्राला पाठ टेकून. परदेशवाल्यांचा फोन आला होता म्हणे, खूश आहेत. त्याने मला ते असं सांगितलं, जसं कुणी दुसऱ्याच्या घरची बातमी सांगावी.

मसूदा आली. दारात उभी राहिली, गेली. पावलं —

२३ नोव्हेंबर, रविवार

आल्या. मी त्यांची वाटच बघत होते, केस विंचरून, नवा दुपट्टा घेऊन.

म्हटलं, चूक माझी आहे. मला न्या. त्या मोठ्याला जे केलंत ते परत करता येत नसेल तर नका करू, पण लहान ते सोडा. म्हातारीने मान हलवली. मला वाटलं, कबूल. तरणीने माझा गळा चाचपला, बोटं थंड नव्हती, गरम नव्हती, काहीच नव्हती. झालं तेव्हा दुखलं नाही.

मग म्हातारीने विचारलं, लहान कुठाय? तिकडे फार कालवा आहे, सापडत नाही.

मी ओठ मिटले. पण इलियास — माझा इलियास दारात उभा. म्हणाला, गॅस गळत नाही, माणूस येऊन तपासून गेला. हिनाला कळवलंय. गुरुवारी शाळा सुटली की इक्राला आणतो.

म्हातारी म्हणाली, मग गुरुवारी.

२४ नोव्हेंबर

हिनाला फोन लावला. हॅलो, अम्मी, हॅलो, म्हणत राहिली. मी गुरुवार गुरुवार ओरडत होते. ती कुणाला तरी म्हणाली, लाईनवर कुणीच नाही.

यंत्रावर हात ठेवला. दोन्ही हात. कपाळ.

काही नाही.

— बाहेर जायला दाराशी जाते. परत बैठकीतच असते. असं चार-पाचदा —

मंगळ? बुध?

आता छान वाटतं. असं लिहिलं वर, खोडलं. छान वाटत नाही. वाटत नाही. झोहरा, लिही —

हिना कपडे न्यायला येणार आहे. वही तिच्या उशीवर ठेवीन. तिला मराठी वाचता येतं.

हिना, पोरी, बाकीचं वाचू नको, एवढंच वाच. गुरुवारी इक्राला या घरात आणू द्यायची नाही. इलियासने आणली तर उंबऱ्यावरूनच फिरव. माणसांत ने, बाजारात ने, विमानतळावर, जिथे गर्दी असेल तिथे. त्याचं ऐकू नको, तो आता — माझंही ऐकू नको. मी हाक मारली तरी. त्या तिघी यायच्या आहेत गुरुवारी, शाळा सुटल्यावर, गुरुवारी म्हणाल्यात, म्हणजे अजून —

बाहेर गाडी थांबली. आवाज नाही आला, खिडकीतून दिसली. इक्रा उतरतेय. निळी बॅग. मला हात करतेय, तोंड उघडून काहीतरी ओरडतेय —

बैठकीत तिघी उठून उभ्या —

आज बुधवार ना? काल मंगळ होता, मग आज बुध, आज तर बु